‘स्त्री-पुरुष तुलना’ : माझी पेन्सिलची खूण



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘स्त्री-हक्क चळवळीचा इतिहास’. पत्रिकेवरही तेच छापलंय. पण एवढा विषय एका संध्याकाळी सांगायचा म्हणजे सनावळी वाचून दाखवायची. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा, १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा, १८८२ साली पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज, १८८९ साली शारदा सदन, १८९१ चा संमतिवयाचा कायदा, पुढे कर्वे. ही यादी तुम्हाला पाठ आहे. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या तुमच्या नातवंडांना तर माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. (हशा)

शिवाय या यादीत आपल्यापुरती एक अडचण आहे. तिच्यातले कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे. लातूर, नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. इंग्रजांनी कलकत्त्यात कायदा केला म्हणून तो औशाला किंवा कंधारला आपोआप लागू होत नव्हता. म्हणजे आपण मराठवाड्यातली माणसं जो इतिहास आपला म्हणून पाठ करतो, तो बराचसा पुण्या-मुंबईच्या घरात घडलेला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण हे ध्यानात असू द्यावं.

म्हणून मी यादी बाजूला ठेवतो आणि एकच पुस्तक घेतो. पुस्तक लहान आहे, दोन बैठकींत वाचून होतं. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’. पुण्यात छापलं गेलं १८८२ साली. बाई मात्र पुण्याच्या नव्हेत, बुलढाण्याच्या. जालन्याच्या पलीकडे जिल्हा ओलांडला की बुलढाणा. आणि गंमत अशी की बुलढाणा वऱ्हाडात, आणि वऱ्हाड १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेलं असलं तरी कागदोपत्री मुलूख निजामाचाच. पुढे निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला तो त्यामुळेच. तेव्हा ताराबाईंवर थोडा हक्क आपणही सांगू शकतो. असो.

वडील बापूजी हरी शिंदे, बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक समाजाचे. मुलीला त्यांनी शिकवलं. ताराबाईंच्या खासगी आयुष्याबद्दल यापलीकडे मी बोलणार नाही. आपल्याकडे लेखिकेबद्दल बोलायचं म्हटलं की तिचा नवरा कसा होता, मूलबाळ होतं का, इथपासून सुरुवात होते. पुरुष लेखकाबाबत आपण हे कधी विचारतो? पाहा, मी आत्ता जे केलं ती ताराबाईंचीच पद्धत आहे. ती पद्धत काय आहे, हेच मला आज सांगायचंय.

पुस्तकाचं निमित्त ठाऊक असेल. १८८१ साली सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर खटला झाला. वैधव्यात मूल झालं, अब्रू जाईल या भीतीनं तिनं नवजात अर्भक मारलं, असा आरोप होता. सेशन कोर्टानं फाशी सुनावली. पुढे अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि नंतर आणखी कमी झाली. या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालचलणुकीवर लेख सुरू झाले. ‘पुणे वैभव’नं स्त्रियांवर तोंडसुख घेतलं. त्याला उत्तर म्हणून हे पुस्तक.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अशा अडलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं १८६३ साली. म्हणजे ज्या प्रश्नावर जोतीराव-सावित्रीबाईंनी घराचं दार उघडलं, त्याच प्रश्नावर अठरा वर्षांनी पत्रकार बायकांच्या स्वभावाची चर्चा करत बसले होते. आणि त्या मुलाचा बाप कोण, हा प्रश्न त्या चर्चेत नव्हता. ताराबाईंनी तो आणला.

आता माझी चूक सांगतो. हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते सत्तरीच्या दशकाच्या शेवटी. तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो, बी.ए.च्या मुलांना तर्कशास्त्र शिकवत होतो. नवीन मास्तराला सगळीकडे हेत्वाभास दिसतात. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणलं होतं. म्हणजे पहिल्या छपाईनंतर त्र्याण्णव वर्षांनी. मी ग्रंथालयाची प्रत घरी आणली, आणि समासात पेन्सिलीनं तीन-चार ठिकाणी लिहून ठेवलं : ‘हेत्वाभास’. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये, हे विद्यार्थ्यांना सांगणारा मीच.

का लिहिलं? संस्कृतात भर्तृहरीच्या नावावर चालणारा एक श्लोक आहे. त्यात स्त्री म्हणजे संशयांचा भोवरा, अविनयाचं घर, साहसाचं नगर, दोषांचा साठा, कपटाचं आगर वगैरे विशेषणांची माळ लावलीय. साहस म्हणजे तिथे धाडस नव्हे, मागचापुढचा विचार न करता केलेलं अविचारी कृत्य. ताराबाईंनी ही माळ हातात घेतली आणि एकेक मणी सुटा केला. वकील आरोपपत्रातलं एकेक कलम घेतो तसं. संशयी कोण? बायकोला घराबाहेर पाऊल टाकू न देणारा नवरा की बायको? साहसी म्हणता, तर तुरुंग कुणी भरलेत? कपट म्हणता, तर अंगाला राख फासून गावोगाव लोकांना फसवत फिरणारे बुवा-बैरागी पुरुषच ना? दरेक कलमाला त्यांचं उत्तर असं की हा दोष तुमच्यात जास्त आहे.

तर्कशास्त्राच्या पुस्तकात याला दोष मानतात. ‘तूही तसाच’ हा युक्तिवाद. मी म्हणालो, तू दारू पितोस, आणि तुम्ही म्हणालात, तुम्हीही पिता, तर त्यानं तुमचं पिणं खोटं ठरत नाही. फक्त मी ढोंगी ठरतो. म्हणून मी समासात हेत्वाभास लिहिलं. माझ्यासारखीच इतर शिकलेल्या माणसांची प्रतिक्रिया होती. बाई रागावलेली आहे, लिखाण विस्कळीत आहे, ठसका भारी आहे, पण विचाराची शिस्त नाही. आजही हे पुस्तक ‘मराठीतला पहिला स्त्रीवादी आक्रोश’ म्हणून गौरवलं जातं. गौरव होतो, पण आक्रोशाचा. आक्रोशाला कुणी उत्तर द्यावं लागत नाही ना!

पुढे कधीतरी वर्गात मुलांना हाच हेत्वाभास शिकवताना मी अडखळलो. कारण आरोप काय होता ते मी नीट पाहिलंच नव्हतं. विजयालक्ष्मीनं गुन्हा केला, एवढाच आरोप असता तर ‘पुरुषही गुन्हे करतात’ हे उत्तर गैरलागू होतं. पण श्लोकाचा आणि त्या पत्रकारांचा आरोप तसा नव्हता. त्यांचं म्हणणं असं की कपट, संशय, साहस हे स्त्रीजातीचे खास गुण आहेत, ती जातच तशी. हे विधान मुळातच तुलनात्मक आहे. ‘स्त्रिया कपटी असतात’ याचा अर्थ ‘पुरुषांपेक्षा जास्त कपटी असतात’ असाच होतो, नाहीतर ते बोलण्यात काही मतलब नाही. आणि तुलनात्मक विधान खोडायचं तर दुसऱ्या पारड्यात काय आहे ते दाखवावंच लागतं. दुसरा मार्गच नाही. तिथे ‘तूही तसाच’ हा दोष राहत नाही, तो पुरावा होतो.

बाईंनी पुस्तकाला ‘स्त्रियांची कैफियत’ किंवा ‘अबलांचा आकांत’ असं नाव दिलं नाही, ‘तुलना’ दिलं. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि मला तो शब्द चाळीसच्या पुढे गेल्यावर कळला.

मिलचा ‘सब्जेक्शन ऑफ विमेन’ हा ग्रंथ १८६९ चा, म्हणजे या पुस्तकाच्या तेरा वर्षं आधीचा. मी तो पुष्कळ वर्षं शिकवला. मिल स्वातंत्र्यापासून सुरुवात करतो, माणसाला वाढायला मोकळीक हवी, त्यातून स्त्रीच्या हक्काकडे येतो. ताराबाईंची सुरुवात तराजूपासून आहे. माप एकच ठेवा, मग बोला. मिलला समजून घ्यायला थोडं शिक्षण लागतं. तराजू आपल्या मोंढ्यातल्या हमालालाही कळतो, आणि मापात पाप कुठे होतं हेही कळतं.

सावित्रीच्या कथेचं त्या काय करतात पाहा. सावित्री नवऱ्याचा जीव परत आणायला यमाच्या दारापर्यंत गेली, असं तुम्ही बायकांना सांगता. बरं. बायकोसाठी यमाकडे निघालेला एखादा पुरुष दाखवा. यमाच्या दाराचं राहू द्या, अर्ध्या वाटेपर्यंत तरी? पुराणाला हात न लावता, एका प्रश्नात, पतिव्रताधर्म हा एकतर्फी करार आहे हे दिसून येतं. पुराणाची टवाळी करून हे साधलं नसतं. नरहर कुरुंदकरांची मनुस्मृतीवरची व्याख्यानं तुमच्यापैकी काहींनी वाचली असतील. ग्रंथाच्या आत शिरून त्याच्याच शब्दांनी त्याला अडचणीत आणायचं, ही कुरुंदकरांची रीत नांदेडकरांच्या परिचयाची आहे. ताराबाईंची रीत त्याच जातीची, शंभर वर्षं आधीची.

मग पुस्तक गडप का झालं? प्रती थोड्या होत्या, हे एक कारण. पण प्रती थोड्या असलेली पुष्कळ पुस्तकं टिकलीत. दुसरं कारण लोक सांगतात की ब्राह्मणी वर्तमानपत्रांनी दुर्लक्ष केलं. तेही आहे. पण स्वतःच्या घरातूनही मार बसला. सत्यशोधक वर्तुळातल्या पत्रकारांनाही हे पुस्तक झोंबलं. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांना सुनावलं. ते एकटे पडले म्हटलं तरी चालेल. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही.

माझं मत असं आहे. एकोणिसाव्या शतकातली सगळी सुधारणेची चर्चा ‘स्त्रियांसाठी काय करावं’ अशी होती. त्यांना शिकवावं का, त्यांचं पुन्हा लग्न लावावं का, कितव्या वर्षी सासरी पाठवावं. सुधारक हो म्हणत होते, सनातनी नाही म्हणत होते, पण परीक्षक दोन्हीकडे पुरुषच आणि परीक्षार्थी दोन्हीकडे स्त्री. ताराबाईंनी खुर्च्या बदलल्या. विधवेनं शील राखावं का, हा प्रश्न त्यांनी विधुराला विचारला. त्यामुळे सुधारकांच्या यादीत त्यांना बसवता आलं नाही आणि सनातन्यांना तर त्या नकोच होत्या.

आता पुस्तकाच्या मर्यादेकडे येतो. टीका करायची तर सगळी करावी.

तुलनेनं समता सिद्ध होते, पण कशातली समता, हे तुलना सांगत नाही. दोघांना सारखं मोकळं सोडलं तरी तराजू समतोल, दोघांना सारखं बांधून घातलं तरी समतोल. ताराबाई काही ठिकाणी दुसऱ्या बाजूला झुकतात. स्त्रीनं एकनिष्ठ असावं हे त्यांना मान्यच आहे. त्यांचं भांडण एवढंच की पुरुषानंही असावं. पातिव्रत्याचं माप चूक आहे असं त्या फारसं म्हणत नाहीत, माप दोघांना लावा म्हणतात. १८८२ साली यापेक्षा जास्त अपेक्षा करणं अन्याय होईल, पण आपण २१ व्या शतकात तिथेच थांबलो तर ती आपली चूक.

दुसरी मर्यादा मला जास्त बोचते. तुलना कुणाची कुणाशी? ताराबाईंच्या पुस्तकातली ‘स्त्री’ बहुतेक वेळा वरच्या थरातली आहे, जिचा पुनर्विवाह बंद, जिला पडदा. पण त्यांच्याही सत्तावीस वर्षं आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईनं ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. ती बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते, डोक्यावर छप्पर नसताना होणाऱ्या बाळंतपणाबद्दल. तीही तुलनाच करते आहे, पण तिचा तराजू वेगळा आहे. त्याच्या एका पारड्यात एक बाई आणि दुसऱ्या पारड्यात दुसरी बाई. हा तराजू ताराबाईंकडे नव्हता. पुढच्या चळवळीकडेही पुष्कळ काळ नव्हता. १९७५ च्या ऑक्टोबरात पुण्यात स्त्रीमुक्तीची संयुक्त परिषद झाली, मोठी घटना होती. आणि १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावर आपल्या नांदेड-परभणीकडे दलितांची घरं जळाली तेव्हा ‘स्त्री’ नावाचा एक अखंड वर्ग कुठे होता, हे मी तरी पाहिलं नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ ला आलं. त्या शीर्षकातला ‘ही’ कुणाला उद्देशून आहे, याचा विचार करा.

मग मराठवाड्यात ताराबाईंचं माप कुठे लागलं का? मला एक जागा दिसते आणि ती पुस्तकातली नाही. १९७२ चा दुष्काळ इथे बसलेल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवतो. खडीची कामं, नाला बांधाची कामं, सुकडी. पुढे रोजगार हमी योजना आली, १९७७ साली कायदा झाला. तिच्यात मजुरी कामाच्या मापावर, बाईला वेगळा दर नाही. शेतात मात्र गड्याची मजुरी वेगळी, बाईची वेगळी, हे आपण जन्मापासून बघत आलेलो. त्याचं कारण विचारलं की सांगायचे, बाईचं काम हलकं. खडीच्या ढिगाला टेप लावली तेव्हा त्या टेपेला हात कुणाचा ते कळत नव्हतं. आपल्या भागात एका मापानं मोजणं हे सरकारी कागदावर असं आलं. आता मुकादम हजेरी कुणाच्या नावावर लावायचा आणि पैसे कुणाच्या हातात द्यायचा, ती गोष्ट वेगळी.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचंही सांगतो. जालना भागातल्या दगडाबाई शेळके यांनी रझाकारांविरुद्ध हातबॉम्ब वापरले. त्यांच्याबद्दल सतरा सप्टेंबरच्या भाषणांत आपण काय म्हणतो? पुरुषासारखी लढली. मीही म्हणालोय. गौरव करतानासुद्धा माप पुरुषाचंच. आणि ज्या बायकांनी भूमिगतांना शेताच्या आखाड्यावर भाकरी पोचवली त्यांना ‘मदत केली’ या क्रियापदात टाकून देतो. बंदूक पोचवणारा सैनिक आणि भाकरी पोचवणारी मदतनीस, हा फरक कुठल्या मापानं केला?

शेवटचा मुद्दा घरचा आहे. सांगावा की नाही, येताना गाडीत विचार करत होतो.

वारसा हक्काचा कायदा तुम्हाला माहीत आहे. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबर हिस्सेदार केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली केंद्राची दुरुस्ती आली, ती लग्नाची अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं विनिता शर्मा खटल्यात उरलासुरला संशयही काढला. कायदा म्हणून तराजू समतोल आहे.

आमचे वडील २००७ साली गेले. आम्ही तीन भाऊ, एक बहीण. वारसनोंदीला चौघांची नावं लागली. आणि काही महिन्यांतच बहिणीनं हक्कसोड पत्र करून दिलं. नोंदणी कार्यालयात मी तिच्या शेजारी उभा होतो. तिनं विचारलं, “दादा, सही कुठं करू?” मी बोट ठेवून दाखवलं. घरी येऊन तिची साडी-चोळीनं ओटी भरली. तीसएक वर्षं मिल शिकवलेला माणूस मी, आणि त्या दिवशी मला काही खटकलं नाही. कारण सगळे असंच करतात. माहेर टिकायला हवं ना.

ताराबाईंचं पुस्तक मी त्यानंतर पुन्हा काढलं, एका लेखासाठी. सावित्रीच्या पानावर आलो आणि थांबलो. माहेर टिकावं म्हणून बहिणीनं सही करायची असेल, तर बहीण टिकावी म्हणून सही करणारा एक भाऊ दाखवा. मी माझ्या गावात शोधला. तलाठ्याकडे फेरफार बघायला जाणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलं. हक्कसोड पत्रं त्यानं ढिगानं पाहिली होती. भावानं बहिणीच्या नावे केलेलं त्याला आठवेना.

मी बहिणीशी बोललो. ती म्हणाली, “आता कशाला उकरून काढता? भाच्यांची तोंडं वाकडी होतील.” दोन्ही भावांशीही बोललो. त्यांचं काय उत्तर आलं ते तुम्ही ओळखाल. माझ्या वाटणीचं जे होतं त्यातलं मी काय केलं, ते इथे सांगत नाही, नाहीतर टाळ्या वाजवाल आणि विषय बाजूला पडेल. शिवाय एक हिस्सा चार ठिकाणी वाटून तिचा झाला असता तो हिस्सा भरत नाही.

ती ग्रंथालयाची प्रतही मी शोधली. निवृत्तीनंतर कॉलेजात गेलो, कपाट तेच होतं. ‘हेत्वाभास’ तीन ठिकाणी तसंच होतं. चौथ्या ठिकाणी माझ्यानंतरच्या कुणीतरी, अक्षर मुलीचं वाटलं, त्याच्याखाली शाईनं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. मी माझं पेन्सिलीचं खोडून टाकलं, ते प्रश्नचिन्ह राहू दिलं.

वेळ बराच झाला. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि आधी बायकांच्या बाजूनं प्रश्न येऊ द्या, माईक तिकडे न्या.